ऑल-नाइटरला पहिल्यांदा जाताय? झोपायचं कधी ते आधी ठरवा

ऑल-नाइटर म्हणजे थिएटरात रात्रभर ओळीने पिक्चर बघणं, त्याबद्दल लंडनला नवीन आलेल्यांसाठी लिहितेय, म्हणजे युनिव्हर्सिटीत आलेली पोरं, नोकरीसाठी आलेले, आणि ज्यांना इथे येऊन दोन-तीन वर्षं झाली तरी शनिवारची रात्र घरात भांडी घासण्यात जाते असे सगळे.

लेस्टर स्क्वेअरच्या मागच्या अंगाला, चायनाटाउनला लागून लेस्टर प्लेस नावाची एक छोटी गल्ली आहे, तिथे प्रिन्स चार्ल्स सिनेमा आहे. १९६२ ला नाटकांचं थिएटर म्हणून उघडलं, मग सिनेमा झाला, सत्तरच्या दशकात तिथे 'तसले' पिक्चर लागायचे, आणि १९९१ पासून जुने, गाजलेले, आपटलेले, लोक विसरून गेलेले असे सगळे पिक्चर परत परत मोठ्या पडद्यावर दाखवणारं थिएटर म्हणून चालू आहे. दारावरच्या बोर्डावर पिक्चरच्या नावांबरोबर काहीतरी टवाळ ओळी लावलेल्या असतात, टुरिस्ट लोक तिथे थांबून फोटो काढतात आणि आत न जाताच पुढे जातात. २०२५ च्या जानेवारीत जागेच्या भाडेकरारावरून थिएटर बंद पडतंय की काय अशी वेळ आली तेव्हा पिटिशनवर एक लाखाच्या वर सह्या झाल्या, यावरून लोकांचा किती जीव आहे ते कळेल. तर इथे अधूनमधून रात्रभराचे शो असतात. रात्री आत जायचं, सकाळी उजेडात बाहेर यायचं, मध्ये चार-पाच-सहा पिक्चर. पायजमा पार्टी पण असते, म्हणजे लोक खरंच नाइट ड्रेस आणि फरच्या चपला घालून येतात आणि कुणी वळून बघत नाही.

ही पद्धत काही नवीन नाही. किंग्ज क्रॉसला स्काला नावाचं थिएटर होतं, १९८१ ते १९९३, तिथले ऑल-नाइटर इतके प्रसिद्ध होते की आजही साठीच्या आसपासचे लंडनवाले त्याच्या आठवणी सांगत बसतात, खालून ट्रेन गेली की खुर्च्या थरथरायच्या आणि थिएटरची मांजरं अंधारात मांडीवर उडी मारायची वगैरे. ती बिल्डिंग अजून आहे, आता तिथे गाण्याचे शो आणि क्लब चालतो.

आता मुद्द्याचं. ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, रात्रभर जागं कसं राहायचं. कुणीच राहत नाही हो! पहाटे चारला मागे वळून बघा, निम्मं थिएटर तोंड उघडं टाकून झोपलेलं असतं. ज्याने आधीच ठरवलेलं असतं की मी हा पिक्चर झोपणार, तो सकाळी माणसासारखा बाहेर येतो, आणि जो झोपेशी मारामारी करत बसतो त्याला नेमकी चांगल्या सीनला डुलकी लागते, दचकून उठतो, परत डुलकी, ना धड पिक्चर ना धड झोप. म्हणून पुढचं सगळं हे झोपायचं कसं आणि कुणाच्या शेजारी या हिशोबाने वाचा.

१. कुठली रात्र घ्यायची

पहिल्याच वेळी सगळ्यात लांबलचक मॅरेथॉन घेऊ नका. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या तिन्ही भागांची वाढीव व्हर्जन सलग दाखवतात त्याला भयंकर गर्दी असते, पण ते तीन पिक्चर डिस्कवर बघितलेत तर २२८, २३५ आणि २६३ मिनिटांचे आहेत, म्हणजे शेवटची फॅन क्लबच्या नावांची न संपणारी यादी धरून बारा तासांच्या वर जातं, आणि मध्यंतर वेगळं. शिवाय एक पिक्चर झोपलात तर चार तास गेले आणि गोष्टीचा एक तृतीयांश हिस्सा गेला. ज्यांना ते तोंडपाठ आहे त्यांच्यासाठी ठीक.

नवख्याने असा कार्यक्रम घ्यावा ज्यात प्रत्येक पिक्चर सुटा आहे. एका नटाचे पाच, ऐंशीच्या दशकातली हाणामारी, हॅलोविनचे भुताचे, असं काहीतरी. दीड-पावणेदोन तासांचे पाच पिक्चर म्हणजे साडेआठ तासांच्या आसपास, त्यात प्रत्येकाच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटांची सुट्टी धरा, नऊला सुरू झालं तर सकाळी साडेसहा-सातला सुटका. भुताचे पिक्चर झोपेच्या दृष्टीने वाईट असं सगळ्यांना वाटतं पण उलट आहे, दर दहा मिनिटांनी कुणीतरी किंचाळतं, त्यामुळे जागं राहणं सोपं जातं. अवघड जातात ते संथ, सुंदर, पावसात कुणीतरी खिडकीतून बघतंय असे पिक्चर, ते रात्री दोनला लावणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

एक प्रकार असतो ज्यात नावंच सांगत नाहीत, पडद्यावर आलं की कळतं. मजा आहे त्यात, पण झोपेचं प्लॅनिंग करता येत नाही, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी ठेवा.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या रात्रीचा, म्हणजे शनिवारी रात्रीचा, शो असेल तर लक्षात घ्या, रविवारी पहाटे दोनला घड्याळ एक तास मागे जातं. म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येतो. तिकिटावर संपायची वेळ सहा लिहिली असेल तर त्यांनी तो तास धरलाय का नाही ते बघून मगच घरी यायचं ठरवा. मार्चच्या शेवटच्या रविवारी उलटं, तास उडतो, त्या रात्रीचा शो मिळाला तर नवख्यांनी डोळे झाकून घ्यावा.

२. कुणाला बरोबर न्यायचं

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण पिक्चर वाईट निघाला तर पुढचा येतो, माणूस मात्र सकाळपर्यंत तोच असतो.

एकटं जाता येतं, बरेच लोक येतात, काही अडचण नाही. पण पहिल्यांदा दोघं जा. तिघं नको, तिघांत एक जण नेहमी घरी जाऊया म्हणतो आणि मग मतदान होतं. चार-पाच जणांचा ग्रुप तर अजिबात नको, ते थिएटरमध्ये गप्पा मारायला येतात आणि आजूबाजूचे शिव्या देतात.

जिवलग मैत्रीणच पाहिजे असं काही नाही. जिच्यासमोर तुम्हाला लाळ गळत झोपायला लाज वाटत नाही अशी पाहिजे. नव्यानेच ओळख झालेल्या, जिच्यावर किंवा ज्याच्यावर इम्प्रेशन मारायचंय अशा माणसाला घेऊन जाऊ नका, पहाटे पाचला तोंडाचा वास, विस्कटलेले केस आणि चिडचिड यात कुठलंही इम्प्रेशन टिकत नाही. (टिकलं तर लग्न करा.) पिक्चर चालू असताना "हा कोण?" "आता काय झालं?" विचारणारे असतात ना, त्यांना पण नको. आणि ज्याला रात्री दहाला झोप येते आणि त्याचा अभिमान आहे, त्याला तर मुळीच नको.

जायच्या आधी चहा पिता पिता या गोष्टी बोलून घ्या, तिथे गेल्यावर नाही:

झोप लागली तर उठवायचं की नाही. हे माणसामाणसावर आहे. माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं असतं की घोरले तरच उठव, नाहीतर हात लावू नकोस. दुसऱ्या एकाला क्लायमॅक्स चुकलेला चालत नाही, त्याला शेवटच्या वीस मिनिटांना हलवायचं असतं. विचारून ठेवा, नाहीतर एक जण "उठवलं का नाहीस" म्हणून आणि दुसरा "उठवलंस कशाला" म्हणून फुगून बसतो.

कोण कुठल्या पिक्चरला झोपणार. दोघांनी एकाच वेळी झोपू नये असं मला वाटतं. आळीपाळीने झोपा, एक तिसऱ्याला, एक चौथ्याला. त्याचे दोन फायदे, एक तर जागा असलेला बॅगांकडे बघतो, आणि दुसरं म्हणजे मध्यंतरात जो जागा होता तो झोपलेल्याला स्टोरी सांगतो. पहाटे साडेतीनला, अर्धवट झोपेत, हातवारे करत सांगितलेली ती स्टोरी मूळ पिक्चरपेक्षा हमखास भारी असते. सगळ्या रात्रीतला माझा सगळ्यात आवडता भाग तोच, खरं सांगायचं तर मी काही पिक्चर फक्त अशा ऐकलेल्या माहितीवर 'बघितलेत' आणि मूळ बघायची इच्छा नाही.

कुणाला मध्येच घरी जायचं झालं तर काय. आधीच ठरवा की जाणारा जाईल, राहणारा राहील, राग नाही. पण रात्री दोननंतर जो जाईल त्याने घरी पोचल्यावर मेसेज टाकायचा आणि दुसऱ्याने तो पुढच्या मध्यंतरात बघायचा. मुलींनी एकटं निघायचं नाही असं मी म्हणणार नाही, पण निघायच्या आधी बस कुठून आणि किती वाजता ते फोनवर आतच बघून घ्या, दारात उभं राहून फोनमध्ये डोकं घालू नका. सोहो आणि लेस्टर स्क्वेअरच्या भागात हातातला फोन खेचून सायकलवरून पसार होणारे आहेत, त्यात काही अतिशयोक्ती नाही.

३. तिकीट, आयडी, सीट

तिकीट थिएटरच्या वेबसाइटवरून घ्या, लोकप्रिय रात्री लवकर भरतात. किंमत बघून आधी डोळे मोठे होतात, मग पिक्चरच्या संख्येने भागा आणि गप्प बसा. वर्षाची मेंबरशिप असते, वर्षात चार-पाच वेळा जाणार असाल तर परवडते, एकदाच जाणार असाल तर राहू दे.

रात्रभराचे शो बहुतेक वेळा अठरा वर्षांच्या वरच्यांसाठी असतात आणि तुम्ही जरा कोवळे दिसत असाल तर आयडी मागतात. इथे नव्याने आलेल्यांची गोची होते. पूर्वी बीआरपीचं, म्हणजे इथे राहायच्या परवानगीचं, कार्ड असायचं, आता सगळं ई-व्हिसा झालंय, म्हणजे खिशात दाखवायला काहीच नाही, आणि पासपोर्ट घेऊन रात्रभर अंधारात बसणं हा वेडेपणा आहे, खुर्चीखाली पडला तर पुढचे दोन महिने हाय कमिशनच्या चकरा. त्यापेक्षा प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, ड्रायव्हिंग लायसन्स काढून ठेवा. गाडी शिकायची नसली तरी चालतं, तुम्हाला इथे किमान १८५ दिवस राहायची परवानगी असली की ऑनलाइन अर्ज करता येतो, फी ३४ पौंड. पुढे शंभर ठिकाणी उपयोगी पडतं.

सीटबद्दल: तिकिटावर नंबर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दार उघडायच्या आधी लाइनीत उभं राहा. तळघरातला मोठा हॉल साधारण तीनशे सीटचा आहे, वरचा छोटा शंभरेक सीटचा. मोठ्यात पडदा उंचावर आहे, पुढच्या रांगांत मान वर करून बसावं लागतं, एका पिक्चरला ठीक आहे, पाचाला मान कायमची आभाळाकडे राहील. मधल्या-मागच्या रांगा धरा. आणि कडेची सीट घ्या, मधली नको, पाणी-टॉयलेट-पाय मोकळे करणं याला रात्रभरात किती वेळा उठाल याचा अंदाज पहिल्या वेळी येत नाही, प्रत्येक वेळी आठ झोपलेल्या माणसांच्या गुडघ्यांवरून जायला नको. घोरणारा शेजारी भिंतीच्या बाजूला बसवायचा, हा शिष्टाचार आहे.

४. झोपेचं गणित

शनिवारी दुपारी दीड तास झोपा. खरंच झोपा, पडल्या पडल्या रील बघणं म्हणजे झोप नव्हे. शुक्रवारची झोप पूर्ण असेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकली, आठवडाभर पाच-पाच तास झोपून शनिवारी ऑल-नाइटरला येणारा माणूस पहिल्या पिक्चरच्या नावांनाच गारद होतो.

शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं आणि साधारण तीन ते पाच या वेळात ते सगळ्यात खाली असतं, अंगाचं तापमान पण तेव्हा उतरतं, म्हणून एसी वाढवला नसला तरी सगळ्यांना अचानक थंडी वाजायला लागते. या वेळेशी भांडून उपयोग नाही. पाच पिक्चरची रात्र असेल तर साधारण चौथा पिक्चर या खड्ड्यात येतो. तोच झोपायचा. एक पूर्ण पिक्चर झोपलात तर जवळपास दीड तास मिळतो, तो झोपेचा एक फेरा असतो, त्यातून उठलेला माणूस बरा असतो. अर्धा तास-चाळीस मिनिटांनी उठवलेला माणूस डोकं जड घेऊन बसतो, त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलू नका.

दुसरा मार्ग वीस मिनिटांचा. कॉफी अंगात चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तर मध्यंतरात कॉफी पटकन प्यायची आणि लगेच डोळे मिटायचे, वीस मिनिटांनी शेजारच्याने हलवायचं, तेवढ्यात कॉफी पण जागी झालेली असते. थोतांड वाटेल पण चालतं. फक्त संध्याकाळी सहापासून कॉफीवर कॉफी मारू नका. कॅफिनचा निम्मा असर उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, आणि सकाळी घरी गेल्यावर झोपायचंय हे विसरू नका. माझा हिशोब असा की रात्री बाराच्या सुमारास एक, अडीचच्या सुमारास एक, त्यानंतर बंद, पाणी प्या.

कार्यक्रम लावणारे लोक पण हे सगळं ओळखून असतात. माझ्या बघण्यात बहुतेक वेळा नावाजलेला पिक्चर पहिला किंवा दुसरा येतो, मध्यरात्रीनंतर सगळ्यात वेडा, आवाजी पिक्चर येतो, आणि शेवटी हलकाफुलका. म्हणजे तुम्हाला जो बघायचाच आहे तो बहुधा रात्री एकच्या आत संपतो. बाकीचं बोनस.

५. बॅगेत काय

बाहेरचं खाणं चालतं की नाही ते थिएटरच्या नियमात वाचा किंवा ईमेल करून विचारा, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि गरम जेवण, दारू हे बहुतेक कुठेच चालत नाही. चालत असेल तर नेताना दोन कसोट्या, आवाज आणि वास. चकली बाद, चिक्की बाद, चिवडा नेलात तर पाकिटातून नको, मऊ कापडी पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात, आणि मूठभर तोंडात टाकून पिक्चरमधल्या मारामारीच्या वेळीच चावायचा. लसणाची चटणी, ठेचा, उकडलेली अंडी, सुकट घरीच ठेवा, बंद खोलीत तीनशे माणसं आहेत. सगळ्यात चांगलं म्हणजे तूप-साखर पोळीचा रोल, दशमी, केळं, खजूर, बेसनाचा लाडू. लाडवाला आवाज नाही, वास नाही, आणि पहाटे चारला जी जीभ कोरडी पडून साखर मागते तिला बरोबर लागतो. शेजारच्या अनोळखी गोऱ्या मुलाला एक दिलात तर सकाळपर्यंत तुमच्या सीटची राखण करतो, हा अनुभव आहे.

पोटभर जेवण मात्र आधीच करून जा. शेजारी चायनाटाउन आहे, जेरार्ड स्ट्रीट आणि लाइल स्ट्रीटवर उशिरापर्यंत उघडी असलेली हॉटेलं आहेत. पण भात चेपून खाऊ नका, नऊला खाल्लेला भात दहाला झोपवतो.

बाकी पिशवीत: पातळ शाल किंवा आईने जबरदस्तीने दिलेली सोलापुरी चादर (इथे ती शेवटी कामाला येते), मोजे, गळ्याभोवतीची विमानातली उशी, पाण्याची बाटली, टूथब्रश आणि छोटी पेस्ट, कानात घालायचे बोळे, पॉवर बँक. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी चष्मा लावून जावं, लेन्स लावून झोपणं डोळ्यांना वाईट आणि एरवीही पहाटे डोळे वाळून जातात. पॅन्ट सैल घाला. जीन्स घालून अकरा तास बसलेला माणूस सकाळी कसा चालतो ते बघितलंय.

६. आत गेल्यावर

पहिल्या सुट्टीतच टॉयलेटची लाइन लागते, तेव्हा नावं वर जायला लागली की लगेच उठा, शेवटची गाण्याची ओळ ऐकत बसलात तर सुट्टी लाइनीतच संपते. प्रत्येक सुट्टीत उठायचंच, झोप नसली तरी, दोन मिनिटं जिन्यावर वर-खाली करा नाहीतर पायांना मुंग्या येतात. बाहेर हवा खायला जायचं असेल तर परत आत घेतात ना ते दारावरच्या माणसाला विचारून मगच पाऊल बाहेर टाका, तिकीट हातात ठेवा.

फोन बाहेर काढू नका. वेळ बघायची असेल तर मनगटावरचं साधं घड्याळ. अंधारात एक स्क्रीन उजळली की पन्नास माणसं बघतात आणि इथले प्रेक्षक याबाबतीत कडक आहेत, तोंडावर सांगतात. टाळ्या, हसणं, पिक्चरमधल्या मूर्खपणावर सगळ्यांनी मिळून हुर्रे करणं हे चालतं, मध्यरात्रीनंतर जरा जास्तच चालतं, पण आधी बाकीचे काय करतायत ते बघा. आपल्याकडे शिट्ट्या मारतात तसं लगेच सुरू करू नका, आणि सुरू झालंच तर मागे राहू नका.

या थिएटरात अजून खऱ्या फिल्मच्या रिळावरून ३५ एमएम आणि ७० एमएम दाखवतात, सगळेच शो नाही, पण कार्यक्रमात लिहिलेलं असतं. जुन्या प्रिंटवर ओरखडे असतात, रंग गुलाबीकडे झुकलेला असतो. ३५ एमएमचं दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालतं, आणि ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो, मग काही सेकंदांनी दुसरा, ती ऑपरेटरला खूण असते की आता दुसऱ्या प्रोजेक्टरवर जायचं. आजचे बहुतेक लोक तो ठिपका बघतच नाहीत. जागं राहायला हा एक चांगला खेळ आहे, दोघांत पैज लावा, ज्याला आधी दिसेल त्याने दुसऱ्याचा गुडघा दाबायचा. आवाज करायचा नाही.

कोकणात दशावतार बघत रात्र काढलेली माणसं इथे पटकन रुळतात असं माझं निरीक्षण आहे, त्यांना लहानपणापासून माहीत असतं की मध्ये झोपायचं असतं आणि युद्धाच्या वेळी कुणीतरी उठवतं.

७. सकाळ

शेवटच्या पिक्चरनंतर दिवे लागले की सगळे एकमेकांकडे लाजून बघतात, तेव्हा खुर्चीखाली हात घालून बघा, मोजे, चार्जर, डबा सगळं तिथे असतं. कचरा उचला. तोंड धुवा, दात घासा, यात लाज कसली, बाजूच्या बेसिनवर पण कुणीतरी तेच करत असतं.

बाहेर पडलात की डिसेंबर असेल तर सातला काळोखच असतो, लंडनला तेव्हा आठच्या सुमारास उजाडतं. जूनमध्ये पहाटे पावणेपाचलाच सूर्य वर आलेला असतो, काळा चष्मा ठेवा, थट्टा नाही. याच गल्लीत शेजारी नोत्र दाम द फ्रान्स नावाचं फ्रेंच चर्च आहे, उघडं असेल तर दोन मिनिटं आत डोकवा, ज्याँ कॉक्तो या फ्रेंच कवी-दिग्दर्शकाने १९६० च्या सुमारास काढलेली भित्तिचित्रं आहेत आत. आणि ती इमारत आतून गोल का आहे माहितीये? तिथे १७९३ पासून रॉबर्ट बार्करचा पॅनोरमा होता, म्हणजे लोक पैसे देऊन अंधाऱ्या वाटेने आत जायचे आणि चारी बाजूंनी गोल लावलेलं प्रचंड चित्र बघायचे. सिनेमा यायच्या शंभर वर्षं आधी याच जागेवर लोक तिकीट काढून हरवून जायचे, आपण काही नवीन करत नाही.

नाश्ता करायचा असेल तर सोहोत फ्रिथ स्ट्रीटवर बार इटालिया आहे, १९४९ पासूनचं, कॉफी कडक मिळते, पण घरी जाऊन झोपायचंय हे लक्षात ठेवून दूध मागवा.

घरी जाणं. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री व्हिक्टोरिया, सेंट्रल, ज्युबिली, नॉर्दर्न आणि पिकॅडिली या लाइनवर रात्रभर ट्यूब, म्हणजे इथली मेट्रो, असते, पण सगळ्या फाट्यांवर नाही. वेम्बली पार्कवाल्यांना ज्युबिली, हाउन्स्लोवाल्यांना पिकॅडिली, न्यूबरी पार्कवाल्यांना सेंट्रल चालते. हॅरोवाल्यांची मेट्रोपॉलिटन रात्री नसते, त्यांनी मध्येच निघायचं झालं तर ट्रफाल्गर स्क्वेअरवरून एन१८ बस धरावी, वेम्बलीवरून हॅरोला जाते. ईस्ट हॅमला डिस्ट्रिक्ट लाइन रात्री बंद. रविवारी बाकीच्या लाइन उशिरा, सातच्या आसपास सुरू होतात, त्यामुळे शो साडेसहाला सुटला तर घाई करून स्टेशनच्या बंद शटरसमोर उभं राहण्यात अर्थ नाही. आणखी एक, ज्या कार्डाने भाडं देता त्यातून दिवसाला जास्तीत जास्त किती कापायचं याची मर्यादा असते, ती पहाटे साडेचारला नव्याने सुरू होते, म्हणजे रात्री जातानाचं भाडं एका दिवसात आणि सकाळी येतानाचं दुसऱ्या दिवसात धरतात, ज्यांना पैशापैशाचा हिशोब आहे त्यांनी बसने यावं, बस स्वस्त पडते आणि तासाभराच्या आत दुसरी बस बदलली तर तिचे वेगळे पैसे लागत नाहीत.

गाडी चालवत घरी जाऊ नका. मित्राची असली तरी, "मी तर चौथ्याला झोपलो होतो" म्हणाला तरी. आणि ट्यूबमध्ये दोघं एकदम झोपू नका, मी ओळखते अशा एकाने वेम्बलीला उतरायचं म्हणून ज्युबिलीत डोळे मिटले आणि स्टॅनमोर गाठून परत उलट्या दिशेने लंडन ब्रिजला डोळे उघडले. फोनवर उतरायच्या वेळेचा अलार्म लावा, व्हायब्रेटवर, खिशात नाही हातात.

घरी पोचल्यावर पडदे ओढून तीन-चार तासच झोपा, दुपारी एक-दीडला उठाच. संध्याकाळपर्यंत झोपलात तर रविवारची रात्र परत जागी आणि सोमवारी ऑफिसात लॅपटॉपसमोर पाचवा पिक्चर सुरू. त्या रविवारी डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम असेल आणि तुम्ही कुणाला येतो म्हणून कबूल केलं असेल तर आधीच नाही म्हणून टाका, कारण भाषणाला पहिल्या रांगेत बसवतात. आणि बरोबर आलेल्या मैत्रिणीला उठल्या उठल्या फोन करून चौथ्या पिक्चरची स्टोरी विचारा, सकाळी तिने सांगितली होती पण तुम्हाला आठवत नाहीये.